दहा अंशांची खोली

ओरेस्तला हिवाळ्यातही खिडकी बोटभर उघडी लागे आणि डोरीनला हीटर चोवीसवर. म्हणून ही नवरा-बायको सहा वर्षं वेगळ्या खोल्यांत झोपत. भांडण काही नव्हतं, विनिपेगची थंडी होती.

जानेवारीत तळघरातला, घरची बियर आंबवायचा फ्रिज बिघडल्याचं ओरेस्तने जाहीर केलं. लागर बियर आंबताना दहा अंशांवरच हवी, उबेत चव जाते. त्याने छोटं पिंप उचलून आपल्या गारठलेल्या खोलीत नेलं. दोन दिवसांत तिथे सडक्या अंड्यांचा वास सुटला.

"यीस्टचा आहे, जाईल," उशी काखेत मारून तो डोरीनच्या दारात उभा राहिला. "तोवर इथे पडू का?"

"पड. पण खिडकीला हात लावायचा नाही."

तीन आठवडे झाले. वास केव्हाच गेला होता. ओरेस्त घामाघूम होऊन झोपत होता, पण कुरकुर म्हणून नाही.

आज काकडीच्या लोणच्याची बरणी आणायला डोरीन तळघरात उतरली. फ्रिजची वायर नीट गुंडाळून ठेवलेली दिसली. तिने सहज प्लग लावून पाहिला. फ्रिज घरघरला, आणि बरणी सापडेपर्यंत त्याचा आकडा उतरत उतरत बरोबर दहावर येऊन थांबला.

तिने प्लग काढला, वायर होती तशी गुंडाळली आणि वर आली.

"फ्रिजवाला कधी येतो म्हणाला?"

"हिवाळा संपल्यावर बघू म्हणाला," ओरेस्त पेपरातून डोकं वर न काढता म्हणाला.

"येऊ दे सावकाश," बरणी उघडायला त्याच्यापुढे सरकवत ती म्हणाली. "तोवर अजून एक पिंप लाव."