मोरूची अळणी पेज

"ढोरांना घाल ही पेज," म्हणत ठकूबाईनं वाटी चुलीकडं ढकलली. "अळणी वाढतेस नि वर तोंड गोड ठेव म्हणतेस. मला दुखत नाय, खुपत नाय. एकदा चक्कर काय आली, केवढं मांडून बसलीस गो."

आवडीनं वाटी उचलली. महाडच्या डॉक्टरांनी सासूच्या दंडाला रबरी पट्टी बांधली, काचेच्या नळीत पारा चढला, तेव्हाचा त्यांचा चेहरा तिनं पाहिला होता. रक्ताचा दाब फार वाढलाय, म्हणाले. ठकूबाईनं तिथंही हेच ऐकवलं, दुखत नाय. त्यावर डॉक्टरांनी विचारलं, "आजी, शेताचा बांध फुटायच्या आधी ओरडतो का?" मीठ बंद, सुकट बंद, लोणचं बंद. नाहीतर एखाद्या सकाळी अर्धं अंग लुळं पडेल.

तेव्हापासून सासूची पहाटेची पहिली जांभई ऐकू येईपर्यंत आवडीच्या जिवात जीव नसे. तिची आई ती लहान असतानाच गेली. नवरा, मुरारी, मुंबईच्या गिरणीत. पोलादपूरच्या वरच्या वाडीत, तान्हा मोरू सोडला तर, तिचं म्हणावं असं हेच एक माणूस, आणि ते मिठाच्या खड्यासाठी रुसून बसलेलं. तिनं मिठाचं मडकं माळ्यावर चढवलं, तर ठकूबाई शेजारच्या चंद्राबाईकडं जाऊन सुकटीची चटणी चाटून आली. शिवाय नवा उपाय घेऊन आली. महाडजवळच्या सव गावी गरम पाण्याच्या कुंडात बुडी मारली की दाब तिथंच विरघळतो म्हणे.

त्याच आठवड्यात मोरूचं उष्टावण झालं. गावाहून आलेल्या मामानं पहिला घास भरवला आणि दुसऱ्या दिवसापासून नाचणीची पेज सुरू झाली. तान्ह्याच्या पेजेत मीठ घालायचं नसतं, हे आवडीला सासूनंच शिकवलेलं.

दुपारी आवडीनं मोरूला पाजलं, तोंड पुसलं आणि आजीच्या मांडीवर दिला. शेजारी पेजेची वाटी ठेवली. वाटी जरा मोठीच होती.

"माझ्या हातून खात नाय, आत्या. तुम्हीच बघा."

मोरूनं पहिला घास फुर्रकन उडवला. तो थेट आजीच्या कपाळावर. "अरे लबाडा," ठकूबाई म्हणाली, "गोड हाय पेज. ही बघ, आजी खाते." तिनं एक घास तोंडात घातला आणि मिटक्या मारून दाखवल्या. मोरू खिदळला. मग एक घास मोरूचा, तो झबल्यावर गेला. एक घास आजीचा, तो पोटात गेला. हां हां म्हणता वाटी रिकामी झाली.

संध्याकाळी मऊ भात. दुसऱ्या दिवशी अळणी दुधी. आजी खाऊन दाखवी, नातू बघून हसे. चंद्राबाई पानात चटणी बांधून घेऊन आली, तर ठकूबाईनं तिला दारातूनच परतवलं. "नको गो बाय. ह्याची नजर माझ्या घासावर असते. उद्या तेच मागंल."

भात झोडून झाला तशा दोघी मोरूला घेऊन महाडला गेल्या. पट्टी बांधली. पारा चढला, आणि या खेपेला खालीच थांबला. डॉक्टरांनी पुन्हा एकदा बघितलं.

"आजी, कुणाचं औषध घेतलंत?"

ठकूबाईनं मांडीवरच्या मोरूकडं बोट दाखवलं. डॉक्टर मोठ्यानं हसले. मग म्हणाले, "पण दाब उतरला म्हणून मीठ पुन्हा सुरू करायचं नाही हं. हे आता जन्मभराचं."

आवडीनं मोरूच्या तोंडाकडं बघितलं. मोरूला दात येत होते. आज ना उद्या तो खारट आमटी ओरपायला लागेल. मग आजी कुणासाठी अळणी घास खाऊन दाखवणार?

बैलगाडी सावित्रीच्या काठाकाठानं वाडीकडं निघाली. मोरू आजीच्या कुशीत पेंगुळला. त्याला थोपटता थोपटता, सुनेकडं न बघताच, ठकूबाई म्हणाली,

"उद्यापासून पोराला जेवणाआधी पाजून आणत जाऊ नको गो. भरल्या पोटी तो कसा खाईल? त्याला भुकेला आण. माझं मी खाईन आता."