निकाल लागेपर्यंत

"आत्या, तू बाहेर बाबांपाशी बस," धाकटा म्हणाला. पण आत्या त्याच्या मागोमाग कोर्टात शिरलीच.

ती सकाळच्या गाडीने उतरून थेट इथेच आली होती. भाच्यांची नवी घरं तिने अजून पाहिली नव्हती. बाबा कुणाकडे राहणार यावरून दोघांचा दावा चाललाय, एवढंच तिला फोनवर कळलं होतं. दाव्याचा निकाल लागायला वर्षं जायची, म्हणून तोवरची सोय खालच्या कोर्टाने ठरवून दिली होती. तो हुकूम धाकट्याच्या विरुद्ध गेला, म्हणून हे अपील.

आत्याला दादाची, म्हणजे या पोरांच्या बापाची, जुनी सायकल आठवली. पुढच्या दांडीवर, त्याच्या कुशीत कोण बसणार, यावरून हीच दोघं एकमेकांच्या झिंज्या उपटायची. हरलेला मागे कॅरिअरवर मुसमुसत बसायचा.

धाकट्याचा वकील उठला. "साहेब, तिसरा मजला, लिफ्ट नाही. म्हाताऱ्या माणसाच्या गुडघ्यांचा विचार व्हावा."

थोरल्याच्या घराची उणीदुणी काढतोय मेला, आत्या मनाशी म्हणाली. तरी तिला बरंच वाटलं.

थोरल्याचा वकील म्हणाला, "आहेत तिथे ते रुळलेत, साहेब. आता हलवाहलव कशाला?"

न्यायाधीशांनी कागद मिटले. "हा काही शेवटचा निकाल नाही. मधल्या हुकुमात उघड चूक असेल तरच आम्ही हात घालतो. इथे तशी दिसत नाही. अपील फेटाळलं."

धाकट्याने डोकं हातांत धरलं. त्याच्या बायकोने डोळे टिपले. थोरला वकिलाचा हात सोडेचना.

बाहेर दादा बाकावर बसला होता. पायांशी कपड्यांची पिशवी. दर तारखेला तो ती भरूनच आणायचा.

आत्या त्याला खेटून बसली. "दादा, बापासाठी एवढी भांडणारी पोरं आजकाल कुठे असतात रे? नशीब काढलंस."

दादा चष्मा पुसत राहिला.

"कोण हरलं?"

"धाकटा. फार मनाला लावून घेतलंय त्याने."

दादाने पिशवीची गाठ आवळली आणि ती तिच्याकडे दिली.

"मग ही त्याच्याच गाडीत ठेव. आणि तूही चल जरा हाताला धरायला. तीन जिने चढायचेत."