बिनटाक्याचं ऑपरेशन

चतुराबाईच्या किडनीवरची गाठ कॅन्सरची नव्हती, पण ती फुटून आत रक्त वाहू लागलं तेव्हा घरादारानं तिची आशा सोडली. नाशिकच्या डॉक्टरांनी पोट न फाडता मांडीतून बारीक नळी घातली आणि फुटलेली शीर आतूनच बुजवली. "पंधरा दिवस वाकायचं नाही," त्यांनी बजावलं. घरी सासूनं पदर सारून पोट निरखलं. "एक टाका नाय! हे कसलं ऑपरेशन? ऊठ, मेथीच्या जुड्या बांध." चतुराबाई नवऱ्याच्या कानाशी लागली. तो लुनावर नाशिकच्या द्वारका चौकातून पट्टीचे रोल घेऊन आला आणि त्यानं तिला छातीपासून कंबरेपर्यंत गुंडाळलं. बघायला आलेल्या बायका हळहळल्या. त्यांच्यासमोर सासूला मुकाट्यानं जुड्या बांधून भाकरीही थापावी लागली. एका दुपारी ती दार लोटून सुनेजवळ बसली. "पोरी, माझीबी कंबर लय दुखती," ती कुजबुजली. "थोडी पट्टी उरली का?"