मुक्कामी हंस

तळ्याच्या काठी पोटावर पालथी पडलेली सात माणसं पाहून विजयमालाबाई पचकन थुंकली. शेणात लोळायची एवढी हौस होती, तर घरी म्हशी बांधायच्या! अंगात पानाफुलांचे कपडे, डोळ्याला तोफेएवढे कॅमेरे आणि पोटाखाली बाईचा नुकता उगवलेला हरभरा. एकानं तर बिस्किटाचा कागद तिच्याच वावराच्या धुऱ्यावर फेकला आणि बोटं पँटला पुसली.

"काहो दादा, दुसऱ्याच्या वावरात लोळाले मायनंच शिकवलं काय तुमाले?"

"श्श! आजी, हळू बोला. हंस उडून जाईल."

हंस काही उडाला नाही. दिवाळी सरली तेव्हा या तळ्यावर पहिल्यांदाच पाच हंस उतरले होते. राखी अंग, पांढऱ्या डोक्यावर दोन काळे पट्टे. दोन दिवस राहून चार निघून गेले. पाचवा राहिला, तोही काठाला, अगदी डोळ्यासमोर. त्याला आज आठ दिवस झाले. नेरपासून अमरावतीपर्यंतची माणसं गाड्या भरभरून येत होती आणि त्यांना वाट दाखवायला पुढं असायचा बाईचा धाकटा, शाम.

हा शाम तिशीला आला, पण एका कामाला कधी चिकटला नव्हता. आता शहरातली माणसं त्याला 'शामभाऊ' म्हणत. आज वनखात्याचे खेमसिंग साहेब येऊन तळ्याचा राखणदार म्हणून त्याचं नाव लिहून घेणार होते. खाकी कपडे, महिन्याचा पगार. त्याच्यासाठी पाहिलेल्या दारव्ह्याच्या पोरीच्या बापानं सांगून ठेवलं होतं, आधी पोराचं नाव लागू द्या, मग सुपारी फोडू.

बाईचे पाय जमिनीला लागत नव्हते. पिठाच्या गिरणीवर तिनं चार बायांना ऐकवलं होतं, "चार गेले, एक राह्यला. पाखराले बी घराणं समजते वं बाई!"

कागद उचलायला ती धुऱ्यावर चढली आणि वरून तिची नजर हंसावर गेली. तो गवत खुडत होता. बाई तशीच थांबली.

काठावर गोल पडला होता. आतलं गवत मुळापर्यंत साफ, बाहेरचं हिरवंगार. चिखलात पाखराच्या पायांचे ठसे शेकड्यानं, पण गोलाच्या बाहेर एक नाही. पन्नास वर्षं तिनं ढोरं बांधली होती. खुंट्याला बांधलेली शेळी असाच गोल चरते, हे तिला कोणी सांगायची गरज नव्हती. सात कॅमेऱ्यांना पिसाची रेघ न् रेघ दिसत होती, पण पोटावर पडलेल्याला गोल दिसत नाही.



वर तळ्याच्या पाळीवर शाम खेमसिंग साहेबांना चहा देत होता. माय कुठं पाहते आहे ते त्याला दिसलं. हातातली कपबशी तिथंच ठेवून तो पळत खाली आला.

"माय, तिकडं नको जाऊ. गाळ हाय." मग आवाज खाली आणून म्हणाला, "आजच्यापुरतं गप राय वं. नाव लागू दे फक्त. रातच्याले सोडून देतो. दाणे टाकतो ना मी त्याले रोज!"

बाईनं त्याच्याकडे पाहिलं. फाटलेल्या दुधाच्या गंजाकडे पाहावं तसं. ते दूध निदान बाहेर ओतून तरी देता येतं.

तिनं लुगडं खोचलं आणि गाळात उतरली.

"आजी! बाजूला व्हा, फोटोत येताय!" पालथी माणसं ओरडली.

हंस फडफडला, चार हात धावला आणि दोरी संपली तिथं छातीवर आपटला. बाईनं कोंबडी धरावी तसा त्याला काखेत दाबला. त्यानं तिचं मनगट फोडलं, तरी तिनं सोडला नाही. चिखलात हात घातला. खुंटी लागली. खुंटीला मासोळ्या धरायचा तंगूस, पाण्यात दिसूही नये असा बारीक दोरा. त्याचं दुसरं टोक पाखराच्या पायात.

पायाला साधा ओरखडाही नव्हता. फास बांगडीसारखा सैल, पण निघत नव्हता. बाईनं गाठ पाहिली आणि तिचे हात थांबले.

दोन पीळ, शेपूट उलटं आत. जनावरानं कितीही ओढलं तरी ही गाठ आवळत नाही. वासराला बांधायची. गावात दुसऱ्या कोणाला येत नव्हती. सात वर्षांच्या शामला मांडीवर घेऊन तिनं ती शिकवली होती, आणि त्याला जमली तेव्हा त्याच्या तोंडात गूळ घातला होता.

तिनं एक बोट घालून गाठ सोडली.

हंस पाण्यावरून धावला, उठला, पळसाच्या शेंड्यांवरून वळला आणि गेला. सातही कॅमेरे कडकडले. उडतानाचा फोटो सापडला म्हणून एकजण चक्क हसला. बाईला त्याच्यासाठी थुंकीसुद्धा खर्च करावीशी वाटली नाही.

खेमसिंग साहेब खाली आले. त्यांनी बाईच्या हातातला तंगूस पाहिला, खुंटी पाहिली. काखेतली वही काढली.

"गुन्हा हाय हा, बाई. कोणाचं काम हे? पाह्यलं काय तुमी कोणाले?"

शाम साहेबांच्या मागं उभा होता. त्यानं छातीशी हात जोडले होते आणि ओठ हलत होते, माय, माय.

बाईनं तंगूस साहेबांच्या वहीवर ठेवला. "गाठ माही हाय, साहेब. बांधली माह्या शामनं. लिवा, दोघायचंबी नाव लिवा."