नावानं हाक

निजामाच्या पोलीस अमिनालाही उलटं बोलणारी म्हाळसाबाई सपनात मात्र हरायची. दुपारी डोळा लागला की मेलेला नवरा मेंढरांमागं जाताना दिसायचा. हे सपान आहे, हे तिला तिथंच पक्कं कळायचं. तिनं दटावलं की कुत्री गप्प व्हायची, भरलेला ओढासुद्धा वाट द्यायचा. पण “अवो!” म्हटलं की बाकीचे सगळे धनगर वळून बघायचे आणि हा एकटा पाठमोरा चालत राहायचा.

आज तो टेकाडाआड जायलाय हे बघून तिनं जन्मात पहिल्यांदा त्याला नावानं हाक मारली, “पिराजी!”

शेजारी तूर निवडणारी सून दचकली. “अगं बाई! आत्याबाई, मामंजींचं नाव घेतलं तुमी!”

म्हाळसाबाईनं डोळे उघडले न्हाईत.

“घेतलं. थांबलेत ते. आता मला उठवशील तर बघ.”