प्रश्नावलीची पारख

फौजदाराने टोपी टेबलावर ठेवली आणि प्राध्यापिका ललिताबाईंच्या पुढ्यातल्या भरलेल्या प्रश्नावल्यांच्या गठ्ठ्यावर बोट टेकवले.

"यात पोरांची वृत्ती मोजलीय म्हणे."

"स्वतःचा उद्योग उभारण्याची," बाई म्हणाल्या.

"पुढाकार कोण घेतो, धोका कोण पत्करतो, हेच ना? मग वरच्या दहांची नावं द्या. मोर्चाची पत्रकं तुमच्याच कॉलेजातून निघतायत. नाही दिलीत तर पहिल्या वर्षाची साठही पोरं उचलतो."

गिरगावातल्या गोळीबाराला जेमतेम दोन महिने झाले होते. उचललेली पोरं कोणत्या अवस्थेत परत येतात, ते बाईंनी पाहिले होते.

प्रश्नावलीचे एकच काम उरले होते. उत्तरांचा मुलांच्या प्रत्यक्ष वागण्याशी मेळ बसतो का, हे पडताळायचे होते. पण बाईंचा तिच्यावर त्याआधीच पुरता भरवसा बसला होता.

सगळ्यात वर जगदीश. परळला वर्कशॉप काढीन, कुणाच्या बापाला भिणार नाही, असे ठासून लिहिणारा. सगळ्यात खाली गुणाजी. वडीलधाऱ्यांना न विचारता काही करता का? कधीच नाही. नुकसानीची जोखीम घ्याल का? कधीच नाही. वर्गात मान खाली आणि बोटांना कायम शाई. चांगले पेन घे रे, असे बाईंनी त्याला एकदा सांगितलेही होते.

जगदीशसारख्यांना वाचवायलाच हवे होते. बाईंनी तळाकडून दहा नावे उतरवून दिली. ही गरीब गाय पोरं, त्यांना विचारणार काय आणि ती सांगणार काय? तासाभरात सोडतील. तरी कागद देताना त्यांना स्वतःची लाज वाटली.

दहाजणांना नेले त्या दिवसापासून जगदीश कॉलेजात फिरकला नाही. ताप आला, असे त्याच्या आईने कळवले.

चौथ्या दिवशी फौजदार पुन्हा आला.

"सोडलंत ना त्यांना?" बाईंनी विचारले.

"सोडू? अहो, त्या गुणाजीनं वर्गणी काढून पत्रकं छापायला जुनं सायक्लोस्टाइल मशीन घेतलं. कागद वरळी कोळीवाड्यातून मासळीच्या पाट्यांत यायचा. लालबागपासून शिवाजी पार्कपर्यंत गल्ल्या वाटून घेतलेल्या. घरी कुणाला पत्ता नाही. एवढा मार खाल्ला, पण साथीदाराचं एक नाव सांगितलं नाही."

बाईंनी गठ्ठ्याच्या तळातून गुणाजीची प्रश्नावली ओढली.

"सांगायची गरजही नव्हती म्हणा," फौजदार टोपी घालत म्हणाला. "तुमची यादी होती. दहाच्या दहा बरोबर."