पेटीवरचा पांढरा थर

खेळण्यांसाठी नवी पेटी परवडत नाही, म्हणून सासऱ्यांची भाईंदरच्या मिठागरावरची जुनी लाकडी पेटी पॉलिशला काढली. आज चौथा दिवस. रोज पॉलिश पेपरने घासते, सकाळी पुन्हा पांढरा थर. बुरशीच असणार, लेकीला खोकला लागला तर? हात भरून आलेत, पॉलिशचा डबा अजून उघडलाही नाही. “ते सुटायचं न्हाय, बाय,” शेजारच्या खाटेवरून सासरे म्हणाले. डॉक्टरांनी मीठ बंद केल्यापासून ते मोजकंच बोलतात. मी हात धुवायला वळले, तेवढ्यात लेकीने रांगत जाऊन झाकण चाटलं. “थू कर, थू!” ती मिटक्या मारत हसली. तिच्या तोंडात काय गेलं ते कळावं म्हणून घाबरून मीही झाकणाला जीभ लावली. खारट! लाकडात मुरलेलं मीठ रोज वर येत होतं. “आप्पा, तुम्हाला माहीत होतं?” “सांगितलं असतं तं पेटी ठेवली असतीस?” त्यांनी ओलं, पांढरट बोट लुंगीला पुसलं. आता लक्ष दोघांवर ठेवायचं.